मदत हवी आहे : जुन्या उबुंटूवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसते, पण माउंट होत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू १४.०४ आहे. प्रोसेसर ३२ बिटचा, रॅम २ जीबी. नवी सिस्टीम टाका असं कृपया सुचवू नका. त्याला जोडलेला स्लाइड स्कॅनर याच सेटअपवर नीट चालतो आणि वडिलांनी काढलेल्या स्लाइड्सचं स्कॅनिंग अजून अर्धवट आहे.

लॅपटॉपची आतली डिस्क भरत आली, म्हणून १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क घेतली. ती बहिणीच्या नव्या लिनक्स मशीनवर एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल-सिस्टीममध्ये फॉरमॅट केली आणि आतापर्यंतचे स्कॅन पेनड्राइव्हने नेऊन तिच्यावर ठेवले. आता उरलेले स्कॅन थेट या डिस्कवर घ्यायचे आहेत.

तिच्या मशीनवर डिस्क झटकन उघडते. माझ्याकडे लावली की दिवा लागतो, ‘डिस्क्स’मध्ये मॉडेल, आकार, पार्टिशन सगळं दिसतं, एक्स्ट४ असंही लिहून येतं. माउंट करायला (वापरासाठी सिस्टीमला जोडायला) गेलं की मात्र हा एरर : ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक ऑन /डेव्ह/एसडीबी१’.

सुपरब्लॉक (फाइल-सिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा भाग) बॅड म्हणतोय हे वाचून पोटात गोळा आला. एका मित्राने बॅकअप सुपरब्लॉक वापरून एफएससीके (फाइल-सिस्टीम तपासणारी, दुरुस्त करणारी कमांड) चालवायला सांगितलं, दुसरा म्हणतो इथेच पुन्हा फॉरमॅट कर. अजून दोन्हीला हात लावलेला नाही. स्कॅनची दुसरी प्रत कुठेही नाही, त्यामुळे आधी विचारतोय. डिस्क खराब झाली आहे का?

उत्तर १

थांबलात ते फार बरं केलंत. फॉरमॅट तर नाहीच, पण दुरुस्ती करणारं एफएससीकेही आत्ता नको.

आधी वीज पुरते का ते बघू. जुन्या लॅपटॉपचे पोर्ट बहुधा यूएसबी २.० असतात. त्या पोर्टवर ५०० मिलीअँपिअर धरलेले असतात, तर यूएसबी ३.० वर ९००. डिस्कला वीज कमी पडली तर कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशा ओळी पुन्हा पुन्हा येतात, डिस्क कट्कट् आवाज करते किंवा मधेच गायब होते.

डिस्क लावा, माउंट करून बघा आणि लगेच टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) चालवून शेवटच्या ओळी इथे द्या. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारं साधन) असेल तर ‘-डी सॅट’ लावून रिपोर्टही द्या. पाच नंबरचा रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि १९७ नंबरचा करंट पेंडिंग सेक्टर, एवढे दोन आकडे पुरेत.

मूळ प्रश्नकर्ता

धन्यवाद. रीसेटची एकही ओळ नाही, आवाजही नाही. स्मार्टमध्ये दोन्ही आकडे शून्य. डीमेसेजची शेवटची ओळ :

‘एक्स्ट४-एफएस (एसडीबी१) : कुडन्ट माउंट बिकॉज ऑफ अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स (२०००)’

नुसतं तपासायचं, काही लिहायचं नाही, अशा ‘-एन’ पर्यायाने ई२एफएससीकेही (एक्स्ट४चं एफएससीके) चालवलं. ते सुरूच होत नाही. मेटाडेटा_सीसम, फीचर_सी१२, फीचर_आय१३ अशी नावं देतं आणि ‘गेट अ न्यूअर व्हर्जन ऑफ ई२एफएससीके’ म्हणून बाहेर पडतं.

उत्तर २

मग निर्धास्त व्हा. डिस्क चांगली आहे, सुपरब्लॉकही चांगला आहे. तुमच्या कर्नलला त्या सुपरब्लॉकमधली एक खूण ओळखता येत नाही, एवढंच.

कंसातला २००० हा हेक्समधला (षोडशमान पद्धतीतला) आकडा आहे. एक्स्ट४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये कोणकोणत्या सोयी वापरल्या ते बिटांनी नोंदवून ठेवतं. त्यातल्या ‘इनकम्पॅट’ गटातला एकही बिट अनोळखी निघाला, तर कर्नलने माउंट करायचंच नाही असा नियम आहे. डेटाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. २००० म्हणजे मेटाडेटा_सीसम_सीड. ही सोय कर्नल ४.४ पासून आली आणि १४.०४ चा मूळ कर्नल ३.१३ आहे. २०२३ साली आलेल्या ई२एफएसप्रोग्स (एक्स्ट४ हाताळणारी साधनं) १.४७ पासून फॉरमॅट करताना ती आपोआप चालू होते. बहिणीच्या मशीनवर तेच झालं असणार. एफएससीकेने सांगितलेलं आय१३ म्हणजे हीच सोय, आणि सी१२ म्हणजे ऑर्फन_फाइल, तीही १.४७ चीच देणगी.

‘बॅड सुपरब्लॉक’ हा माउंटचा ठरलेला मोघम एरर आहे. खरं कारण नेहमी डीमेसेजमध्ये सापडतं. बॅकअप सुपरब्लॉकमध्येही हाच बिट असतो, म्हणजे त्या वाटेने काही हाती लागलं नसतं.

सगळं काम बहिणीच्या मशीनवर करायचं. सगळ्यात आधी स्कॅन तिच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या काही फाइली उघडून बघा. ही पायरी अजिबात गाळू नका. मग पार्टिशन अनमाउंट करा, पण केबल काढू नका. लिनक्सवर डिस्कचं नाव बदलू शकतं, म्हणून एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने ते आधी पक्कं करून घ्या. तिथेही एसडीबी१ च असेल असं धरून सांगतो :

सुडो ई२एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीबी१

सुडो ट्यून२एफएस -ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड,^ऑर्फन_फाइल /डेव्ह/एसडीबी१

यातला ‘ओ’ मोठ्या लिपीतला, आणि नावाआधीचं टोपीसारखं चिन्ह म्हणजे ‘ही सोय काढ’. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. नंतर ई२एफएससीके पुन्हा एकदा चालवा.

नुसतं मेटाडेटा_सीसम (शेवटी ‘सीड’ नसलेलं) राहू द्या, ३.१३ त्याच्यासकट माउंट करतो. फक्त तुमच्याकडचं जुनं एफएससीके या डिस्कला चालणार नाही, म्हणून तपासणी कायम बहिणीकडेच करायची.

आणखी एक. १४.०४ चा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०१९ मध्ये संपला. स्कॅनिंगला इंटरनेट लागत नाही, तर तो लॅपटॉप नेटपासून लांबच ठेवलेला बरा.

मूळ प्रश्नकर्ता

झालं! आधी कॉपी घेतली, मग दोन्ही कमांड दिल्या. ट्यून२एफएसला जेमतेम क्षणभर लागला. लॅपटॉपला डिस्क लावताच ती आपोआप माउंट झाली, सगळे फोल्डर जागच्या जागी आहेत आणि नवा स्कॅनही थेट तिच्यावर सेव्ह झाला. बहिणीकडची प्रत आता तशीच ठेवणार आहे. दोघांचेही मनापासून आभार.

पुढे दुसरी डिस्क घेतली तर फॉरमॅट करतानाच या सोयी बंद ठेवता येतात का?

उत्तर २

येतात. एमकेएफएस.एक्स्ट४ला तोच मोठा ‘ओ’ आणि तीच टोपी लावलेली दोन नावं द्यायची. किंवा सरळ तुमच्या १४.०४ वरच फॉरमॅट करा. जुन्याने बनवलेलं एक्स्ट४ नवा कर्नल विनातक्रार वाचतो.