पुढचे पाय फुटले आणि पिल्लं मेली, मदत हवी

बी-४०३: नमस्कार. मागच्या प्लॉटमधलं डबकं आटत आलं होतं, म्हणून मी आणि लेकीने त्यातली बेडकाची वीसेक पिल्लं आणून माशांच्या जुन्या टाकीत ठेवली होती. काल दोघांना पुढचे पाय फुटले. आज सकाळी दोन्ही तळाशी मेलेली. पाणी स्वच्छ होतं, खायला उकडलेला पालकही होता. लेक सकाळपासून जेवली नाहीये. काय चुकलं असेल?

सी-१०१: ऑक्सिजन कमी पडला असेल ताई. पंप वाढवून बघा.

ए-१०२: पंप नको. ती बुडाली. पुढचे पाय येईपर्यंत कल्ले जिरत आलेले असतात आणि फुप्फुसं कामाला लागलेली असतात. पिल्लाला पाण्याबाहेर यायचं असतं आणि चारही बाजूंनी गुळगुळीत काच. आत्ता लगेच पाणी दोन बोटांवर आणा आणि एका बाजूला खरखरीत दगड तिरका ठेवा, चालत वर येता येईल असा.

बी-४०३: कौलाचा तुकडा ठेवला. सर, एक लगेच चढून बसलंय! पण पालकाला तोंड लावत नाहीये.

ए-१०२: लावणार नाही, काळजी करू नका. शेवाळ खरवडणारं बारीक तोंड जाऊन आता रुंद जबडा येतोय. पोटात लांब वेटोळं आतडं होतं, तेही आखूड होतंय. तेवढे दिवस शेपटीवर भागतं. शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरते. शाळेत ३० वर्षं हा धडा शिकवला, पण दर पावसाळ्यात मला तो नव्याने बघावासा वाटतो. हे सगळं थायरॉइडच्या स्रावामुळे घडतं. १९१२ मध्ये गुडर्नाच या शास्त्रज्ञाने पिल्लांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वाढ पुरी व्हायच्या आधीच चिमुकले बेडूक झाली.

बी-२०४: ताई, राग मानू नका, पण साठलेलं पाणी म्हणजे डासांच्या अळ्या. आमच्याकडे गेल्या वर्षी दोघांना डेंगी झाला होता.

बी-४०३: राग कसला काकू, तुमचं बरोबर आहे. टाकीवर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलंय. दिवसाआड अर्धं पाणी बदलते. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवते, क्लोरीन उडून जावा म्हणून. तुम्ही येऊन बघून जा.

ए-१०२: कापड अजिबात काढू नका. नखाएवढे बेडूक उड्या मारून बाहेर पडले तर पंख्याखाली सुकून मरतात.

सी-१०१: थोडी माझ्या गप्पी माशांत सोडू का?

ए-१०२: नको. मासे शेपट्या कुरतडतात.

डी-५०२: मोठे झाले की एखादा ठेवता येईल का? नातू मागे लागलाय.

ए-१०२: नको हो. बेडूक हलणारं भक्ष्यच खातो. रोज जिवंत किडे कुठून आणणार? ही काळी, घोळक्याने फिरणारी पिल्लं खडबडीत अंगाच्या भेकाची दिसतात. पहिल्या पावसात जे मोठे पिवळे नर ओरडतात, ते वेगळ्या जातीचे, बुलफ्रॉग; त्यांना तर हातही लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांच्या तंगड्या परदेशी जायच्या, ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. खरं तर पिल्लं आणायची वेळच येऊ नये. डबकं भरलेलं असेल तर ती तिथेच बरी.

बी-४०३: डबकं आता पुन्हा भरलंय सर. शेपूट जिरली की कुठे सोडायची? तळ्यावर नेऊ?

ए-१०२: जिथून आणली तिथेच. दुसरीकडे नेली तर त्यांच्याबरोबर रोगही जातात. कातडीला बुरशी लागून बेडूक मरतात. संध्याकाळी सोडा, ऊन उतरल्यावर, गवताच्या कडेला.

बी-४०३: शनिवारी सहा वाजता जाऊ. ज्यांना यायचंय त्यांनी या. कौलावर आता चार आहेत. लेक ताट घेऊन टाकीसमोरच बसलीय.

डी-५०२: नातवाला घेऊन येतो.

बी-२०४: मीही येते.