२५ घरांच्या सांडपाण्याला कर्दळीचा वाफा: माप बरोबर आहे का?

शिवारपाणी

नमस्कार मंडळी. वस्तीतल्या २५ घरांचं मोरी-न्हाणीचं पाणी ओढ्यात जातं. संडासांना वेगळे शोषखड्डे आहेत, ते यात नाहीत. माणसं १२५. नळाला माणशी ५५ लिटर येतं, त्यातलं ८० टक्के बाहेर पडतं असं धरलं तर दिवसाला साडेपाच हजार लिटर. ओढ्याकाठी २० मीटर लांब, ३ मीटर रुंद पट्टी आहे. पलीकडे ९ बाय १० चा तुकडाही मिळू शकतो. पट्टीत ६० सेंमी खडी भरून कर्दळ लावायची, एका टोकाने पाणी आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि ते पुढे नारळ-आंब्याला, असा विचार आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ६० चौ.मी. पुरेल का? खड्डा न करता डबक्यात जलपर्णी सोडली तर? आणि वरच्या अंगाला प्लेटिंगचं (धातूवर मुलामा देण्याचं) छोटं युनिट आहे, त्याचं पिवळसर पाणी याच गटारात उतरतं. ते कर्दळ ओढून घेईल का?

खडीमाती

क्षेत्रफळ बरोबर, आकार चुकीचा.

आधी क्षेत्रफळ. गाळ बसल्यावर बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) लिटरला १५० मिग्रॅ राहील असं धरू, बाहेर ३० हवा. १५० भागिले ३० म्हणजे ५, त्याचा नैसर्गिक लॉग १.६१. रोजचे ५.५ घनमीटर गुणिले १.६१, भागिले ०.१५ (आडव्या वाहणाऱ्या वाफ्यासाठी जपून धरलेला दर, मीटर प्रतिदिन). उत्तर ५९ चौ.मी. आपल्या हवेत हा दर जास्तच मिळतो, पण हिवाळा आणि सणावाराचं जादा पाणी यासाठी ही सूट राहू द्या.

आता आकार. रोज ५.५ घनमीटर गुणिले १५० म्हणजे ८२५ ग्रॅम बीओडी आत येतो. तो सगळा पहिल्या तोंडाच्या उभ्या छेदावर आदळतो. ३ मीटर रुंदी आणि ५० सेंमी पाणी धरलं तर छेद दीड चौ.मी., म्हणजे चौरस मीटरला ५५० ग्रॅम. २५० च्या वर गेलं की तोंडाशी जिवाणूंचा बुळबुळीत थर साचतो, खडीतल्या फटी बुजतात आणि पाणी वर येऊन खडीवरून वाहायला लागतं. वाफे मरतात ते बहुतेक असेच. म्हणून पट्टी सोडा, तुकडा घ्या: साडेसात मीटर रुंद, आठ मीटर लांब. छेद पावणेचार चौ.मी., भार २२० ग्रॅम. पाणी आत दोन दिवसांहून थोडं जास्त थांबेल.

साहित्य: ३६ घनमीटर खडी, म्हणजे पावणेतेरा ब्रास. मधल्या भागात १०-२० मिमीची, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर ४० ते ८० मिमीचे दगड. खडी धुवूनच टाका. क्रशरची भुकटी तळाशी बसली की पहिल्याच वर्षी वाफा तुंबतो. वरून माती अजिबात घालू नका. शोभेसाठी लोक घालतात आणि पहिल्या पावसात ती खाली उतरून फटी बंद करते. अस्तराला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, कडा दाबायला धरून सुमारे १०७ चौ.मी. खाली बारीक मातीचा थर आणि वर जुनी पोती, नाहीतर खडी ओतताना भोकं पडतात. तळाला बाहेरच्या तोंडाकडे १ टक्का उतार, म्हणजे आठ मीटरमध्ये ८ सेंमी. पृष्ठभाग मात्र सपाट.

वाफ्याआधी दोन कप्प्यांची गाळटाकी हवीच, कमीत कमी एक दिवसाचं पाणी मावेल एवढी. राखेने भांडी घासली जात असतील तर तळ फार लवकर भरतो, तेव्हा सहा महिन्यांनी काठी घालून गाळ मोजा. तेलकट तवंग अडवायला मधल्या पाइपला खाली वळवलेला टी-आकाराचा जोड लावा.

बाहेरच्या चेंबरमध्ये वर-खाली फिरणारा एल्बो (पाइपचा वाकडा जोड) बसवा, वाफ्यातली पाण्याची पातळी तो ठरवतो. सगळ्या वाफ्याची किल्ली तोच आहे. पाणी खडीच्या १० सेंमी खाली ठेवलं की डास होत नाहीत.

मूळकंद

जलपर्णीबद्दल. पाणी ती साफ करते, हे खरं. पण उन्हाळ्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि वजनाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग नुसतं पाणी. उपसली नाही तर कुजून घेतलेलं सगळं परत पाण्यात सोडते, वर प्राणवायूही खाते. पंचगंगा, इंद्रायणी, पवना डोळ्यासमोर आहेतच. पुरात तुमचं डबकं फुटलं की खालच्या गावाच्या माथी. नको.

क्षारपड

पिवळ्या पाण्यावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होईल.

सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात. झाड त्यांना मुळांवर जागा आणि थोडा प्राणवायू देतं. प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमियम, निकेल ही मूलद्रव्यं आहेत, ती कोणी खाऊन संपवत नाही. ती खडीत, मुळांत, पानांत साठतात. शिवाय हेक्साव्हॅलंट क्रोमियम (पाण्याला पिवळा रंग देणारं त्याचं विषारी रूप) जिवाणूंनाच मारतं, म्हणजे चांगला वाफाही बंद पडेल. हे पाणी गटारात येता कामा नये, दुसरा उपाय नाही.

युनिटमध्येच करायची पद्धत सरळ आहे. आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून ढवळायचं. पिवळा रंग जाऊन हिरवा येतो, ती क्रोमियमचं रूप बदलल्याची खूण. मग चुन्याची निवळी घालून पीएच ८ ते ८.५, हिरवट साका खाली बसतो. निकेल असेल तर पीएच १० च्या आसपास न्यावा लागतो, म्हणून दोन्ही धुण्याची पाणी वेगळी ठेवलेली बरी. सायनाइडचं पाणी असेल तर ते आम्लात कधीही जाऊ नये, विषारी वायू सुटतो. साका गटारात किंवा शेतात नाही. तो घातक कचरा आहे, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे त्याची केंद्रं आहेत.

आणि 'माती बिघडली तर मोहरी लावू, ती धातू ओढून घेईल' हा दिलासा घेऊ नका. शिशाचं उदाहरण घ्या. एक हेक्टर, २० सेंमी थर म्हणजे २६०० टन माती. त्यातलं शिसं किलोला १०० मिग्रॅने उतरवायचं तर २६० किलो शिसं काढावं लागतं. पिकाने १० टन सुका पाला दिला आणि त्यात किलोला १०० मिग्रॅ शिसं असलं, तर एका पिकामागे निघतं १ किलो. हिशेब तुम्हीच करा. ईडीटीए (धातूला धरून विरघळवणारं रसायन) घालून शिसं विरघळवलं तर झाड जास्त ओढतं, पण उरलेलं पावसाबरोबर विहिरीत उतरतं. आर्सेनिकसाठी टेरिस व्हिटाटा हे नेचं मात्र खरोखर प्रभावी आहे.

शिवारपाणी

आभार. युनिटवाल्यांशी ग्रामपंचायतीमार्फत बोलू, तोवर त्यांचं तोंड गटारापासून तोडतो. कर्दळ कशी लावायची? आणि साबणाचं पाणी आंब्याला चालेल?

मूळकंद

चौरस मीटरला चार कंद, एकूण २४०. १५ सेंमी खोल, डोळा वर. पहिल्या महिन्यात पाणी खडीच्या पृष्ठभागापर्यंत ठेवा, मग एल्बो दर आठवड्याला दोन-तीन सेंमी खाली करा, मुळं पाण्यामागे खाली जातात. सुरुवातीलाच खाली ठेवलं तर कंद वाळतात. फुलोरा झाला की जुने दांडे बुडाशी कापून बाहेर काढा, वाफ्यावर कुजू देऊ नका.

साबणातला सोडियम वाफा काढत नाही. काळ्या जमिनीत तो साचला की माती चिकट होते, पाणी मुरत नाही. वर्षाला एकदा मातीचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती ते) तपासा, पाणी झाडांना आलटून पालटून द्या. पालेभाजीला हे पाणी देऊ नका, बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू असतातच.