कोकणात समुद्री जीवांच्या करामती बघायच्यात: मार्चमध्ये कुठे जावं?

आंबेडाळ
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये चार दिवस सुट्टी काढून दहा वर्षांच्या भाचीला कोकणात न्यायचंय. तिचं सध्या एकच वेड आहे, समुद्रातले प्राणी 'विचित्र वागताना' बघायचे. गेल्या वर्षी एका ठिकाणी डॉल्फिन बघायला होडीत बसलो होतो. एका डॉल्फिनमागे पाच होड्या, डिझेलचा वास, दोनदा काळी पाठ दिसली आणि भाचीला उलटी झाली. ते पुन्हा नको. मत्स्यालयही नको. वेळासची कासवं नक्की केलीत, बाकी सुचवा. गाडी आहे. पोहता कुणालाच येत नाही.

सुकटचटणी
वेळासला जा, पण पिल्लं हमखास दिसतील असं धरून जाऊ नका. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि ते वाळू किती तापते यावर असतं. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उबेवरच ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात. कधी शंभर पिल्लं, कधी भोपळा! आम्ही दोन रात्री राहिलो, तिसऱ्या सकाळी सात पिल्लं निघाली. ती उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून मोबाईलचा टॉर्च खिशातच ठेवा. आमच्या शेजारच्या काकांनी फ्लॅश मारला आणि अख्ख्या गर्दीच्या शिव्या खाल्ल्या.

भाचीला एक गोष्ट सांगून ठेवा. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक कासवीण जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे अख्ख्या देशाला वळसा घालून. पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, असं तोवर धरून चालले होते.

जाता-येता हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलावही बघा. ताजी माकूल (स्क्विड) आली असेल तर वाकून बघा, तिच्या कातडीवरचे रंगाचे ठिपके मेल्यावरही काही वेळ लहानमोठे होत राहतात.

संकासुर
तुम्ही जागा विचारताय. मी आधी तिथी विचारतो.

आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आलेल्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. मग ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण पंचांग पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा ओहोटीचं पाणी खूप आत जातं आणि एरवी बुडालेली खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, उघडी पडतात. अष्टमीला भांग, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. अष्टमीला गेलात तर काळे दगड बघून परत याल.

वेळासला राहणार आहात तर वेश्वीहून फेरीबोटीने बागमांडल्याला उतरा आणि हरिहरेश्वर गाठा. ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी खडपावर जा, पाणी फिरलं की निघा. तिथे माणसं वाहून गेली आहेत, पोहता येत नाही म्हणताय म्हणून मुद्दाम लिहितोय. पायात जुने बूट घाला. कालवं दगडाला चिकटलेली असतात, तळवा फाडतात.

एका डबक्याशी बसा आणि दहा मिनिटं हलू नका. सावली पडली की सगळं गप्प होतं, मग हळूच एकेक शंख चालायला लागतो. आत खेकडा असतो. त्याचं पोट मऊ, म्हणून तो दुसऱ्याचा रिकामा शंख पांघरून राहतो. अंग वाढलं की घर अपुरं पडतं. मोठा रिकामा शंख मिळाला की कधी कधी हे खेकडे लहानमोठ्या क्रमाने रांग लावतात. पहिला नव्यात शिरतो, दुसरा त्याच्या सोडलेल्यात, तिसरा दुसऱ्याच्या. म्हाडाची सोडतसुद्धा इतकी सुरळीत होत नाही.

निळी, फुग्यासारखी चकचकीत वस्तू वाळूवर दिसली तर मात्र लांब. ब्लू बॉटल मेल्यावरही डसते. आणि ती एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत आहे, हे भाचीला आवडेल.

गजालीकार
होडयेचे पैशे वाचवा नि खाडयेच्या काठार जावन गप बसा! (बरं, सगळ्यांना कळेल असं लिहितो.) ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या बघा. मासा असून पाण्याबाहेर चालतो, उडी मारतो, आयाळीसारखा पर उभारून दुसऱ्याला दम देतो. गालफडात पाणी धरतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. डोळे सुकले की खोबणीत ओढून ओले करून परत वर काढतो. मी चाळीस वर्षं निवट्या खातोय, पण डोळ्यांचं हे माझ्या मुलाने दाखवेपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि वाळूत बारीक गोळ्यांची रांगोळी दिसली तर तुडवत जाऊ नका. करंगळीच्या नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, खाण्याजोगं काढून उरलेल्याची गोळी करून टाकतो. चाळलेली वाळू पुन्हा चाळायची नाही, म्हणून गोळी बाजूला.

जिताडाप्रेमी
अलिबागकरांतर्फे एक हजेरी. जेवताना भाचीला विचारा, ताटातला जिताडा मासा नर की मादी? जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे पाहुण्यांसाठी राखलेला दांडगा जिताडा ही बहुधा जिताडीणच.

संकासुर
आणि गोब्रा मासा उलटा, आधी मादी मग नर. दोघांचं कालवण मात्र सारखंच लागतं.

जिताडाप्रेमी
सारखं?? धागा बंद करा.

आंबेडाळ
जाऊन आलो. संकासुर, अमावास्या गाठली, हिशेब पंधरा-वीस मिनिटांनी चुकला, बाकी चोख. कासवांची पिल्लं मिळाली तीन. भाचीने त्यांना नावं देईपर्यंत ती पाण्यात गेली. खरी दोन तास अडकली ती गोळ्यावाल्या खेकड्यापाशी, मी मोजून बारा वेळा "चल आता" म्हटलं. शंखांची रांग काही दिसली नाही. एक खेकडा मात्र बाटलीच्या प्लॅस्टिकच्या बुचात शिरलेला दिसला. भाची त्यानंतर बराच वेळ बोलली नाही.

आता घरी नवीन भानगड. आईच्या शोकेसमध्ये लग्नाआधीपासूनचे नऊ शंख आहेत. ते "परत नेऊन ठेवायचेत" असा हुकूम आहे आणि आई ऐकायला तयार नाही. वेश्वीची शेवटची फेरी किती वाजता सुटते, कुणी सांगेल का?