पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) गाठ: ईटीव्ही६ जनुकाचं फिश करू की थेट आरएनए पॅनेल?

स्लाइडवाला: पॅरोटिडमधली अडीच सेंमीची गाठ, ऑपरेशनचा नमुना. मायक्रोसिस्टिक (बारीक पोकळ्यांची) रचना, पोकळ्यांत गुलाबी स्राव, फेसाळ सायटोप्लाझम. प्रथिनांचे रंग लावले: एस१०० आणि मॅमाग्लोबिन दोन्ही ठसठशीत, डॉग१ निगेटिव्ह. सिक्रिटरी कार्सिनोमा (लाळग्रंथीचा एक कॅन्सर) लिहायला हात शिवशिवतोय, पण सर्जन 'जनुकीय पुरावा' मागतायत. गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) एकच. काय पाठवू: फिश (चमकत्या खुणा लावून जनुक तुटलंय का ते पाहणं) की आरएनए पॅनेल (एकदम अनेक जनुकांची फ्यूजन, म्हणजे जोडण्या, शोधणारी चाचणी)?

पॅराफिन: चित्र इतकं जुळलंय तर निदान लिहून मोकळे व्हा. फार तर पॅन-टीआरके (टीआरके प्रथिनं दाखवणारा रंग) लावा. केंद्रकात रंग आला तर ईटीव्ही६-एनटीआरके३ ही जनुकांची जोडणी जवळपास नक्की. नुसता सायटोप्लाझममधला फिका रंग धरू नका, तो लाळग्रंथीच्या इतर गाठींतही दिसतो. आणि कोरा आला म्हणून निदान खोडू नका. ईटीव्ही६चा जोडीदार एनटीआरके३ऐवजी आरईटी जनुक असेल तर पॅन-टीआरके कोराच राहणार. अ‍ॅसिनिक सेल कार्सिनोमाची (दिसायला जवळच्या दुसऱ्या लाळग्रंथी-कॅन्सरची) शंका उरलीच तर एनआर४ए३चा रंग लावा, तो त्यात केंद्रकात येतो.

जनुकशोध: वरच्याशी सहमत. ब्रेक-अपार्ट फिश (जनुकाच्या दोन बाजूंना खुणा लावणारं) ईटीव्ही६ तुटलंय एवढंच सांगतं, कुणाशी जुळलंय ते नाही. निदानाला तेवढं पुरतं. गाठ उलटली किंवा पसरली तर मात्र जोडीदार कळायलाच हवा: एनटीआरके३ला लॅरोट्रेक्टिनिब हे औषध, आरईटीला सेल्परकॅटिनिब. त्यासाठी आरएनए पॅनेल. गाठ पूर्ण निघाली असेल तर आत्ताच तो खर्च रुग्णावर कशाला?
फिश वाचताना एक सांभाळा. ४ मायक्रॉनच्या कापात केंद्रकं अर्धवट कापली जातात, सिग्नल गायब दिसतो. तो 'तुटलेला' नव्हे. एकमेकांवर चढलेली केंद्रकं मोजूच नका.

पॅराफिन: ब्लॉक एकच आहे ना, मग कोऱ्या (रंग न लावलेल्या) स्लाइड एकाच बैठकीत कापून घ्या. पुन्हा मायक्रोटोमवर (काप घेणाऱ्या यंत्रावर) चढवला की सपाट करतानाच टिश्यू झिजतो. ४ मायक्रॉनच्या दहा-बारा चार्ज्ड (काप घट्ट धरणाऱ्या) स्लाइड, पहिली आणि शेवटची एच-ई (नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग). गाठीचा भाग पेनाने आखून द्या, नाहीतर आजूबाजूची लाळग्रंथीच आरएनएत भरेल.
नमुना टिकवायला फॉर्मॅलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड, ६ ते ७२ तास. नमुन्यात जबड्याचं हाड असतं तर ते मऊ करायच्या नायट्रिक अ‍ॅसिडने सगळं बिघडलं असतं. तिथे ईडीटीए (कॅल्शियम सावकाश काढणारं रसायन), वेळ लागला तरी.

जनुकशोध: आणि पॅनेल 'निगेटिव्ह' आलं तर आधी आरएनएची क्वालिटी विचारा. जुन्या ब्लॉकमधला आरएनए तुकडे-तुकडे झालेला असतो. फ्यूजन सापडलं नाही आणि चाचणीच फसली, या दोन गोष्टी रिपोर्टात वेगळ्या लिहून मागा.