अकरा वर्षं समूह आम्ही सांभाळला, मग मजकूर कोणाचा?

शटर_अडकलं:
जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीचा एक समूह आम्ही चौघं मॉडरेटर अकरा वर्षं सांभाळतोय. सगळे बिनपगारी. सर्व्हर एका कंपनीचा. जागा फुकट, जाहिरातींचं उत्पन्न त्यांचं. आजवर काही कुरबूर नव्हती. गेल्या महिन्यात मात्र कंपनीचे मालक बदलले आणि आम्हाला न विचारता सगळं फिरलं. मी ज्या टूलनं स्पॅम झाडायचो ते बंद. अटींमध्ये नवी ओळ आली, की सदस्यांचा मजकूर 'इतर सेवा सुधारण्यासाठी' वापरला जाईल. आणि धाग्यांच्या मधोमध जाहिराती.

त्यातली एक जाहिरात मला फार लागली. आमच्या एका जुन्या सदस्यानं अडकलेलं लीफ शटर (लेन्समधलं पातळ पात्यांचं झडपण) कसं उघडायचं ते ६३ फोटो टाकून दाखवलं होतं. कुठला स्क्रू आधी, कुठल्या पातीवर तेल उतरलं की ती चिकटते, सगळं. ते गृहस्थ आता हयात नाहीत. फोटो १७ आणि १८ च्या मध्ये, जिथं झाकण निघतं आणि बेसावध असलात तर स्प्रिंग उडते, तिथं त्यांनी 'इथं बोट ठेवा' असं लिहिलंय. ती ओळ आता जाहिरातीखाली ढकलली गेलीय. परवा एका नवख्यानं विचारलं, "स्प्रिंग होती का यात?"

सपोर्टला लिहिलं. 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' खाली सही, 'टीम'.

तर हा मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो का? आणि बाकीचे तिघं म्हणतायत दोन दिवस समूह बंद ठेवू. उपयोग होईल?

अटी_वाचणारी:
बहुतेक ठिकाणी कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, कंपनी फक्त वापरायचा परवाना घेते. तो परवाना भलताच ऐसपैस असतो, ते सोडा. पण तुम्हाला आवडणार नाही अशी गोष्ट सांगते. त्या ६३ फोटोंवर कंपनीची मालकी नाही, तशी तुमचीही नाही. मॉडरेटर म्हणजे राखणदार.

विकिट्रॅव्हल या प्रवास-माहितीच्या साइटचे स्वयंसेवक मजकूर घेऊन निघू शकले, कारण तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होता, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल असा. २००६ मध्ये ती साइट इंटरनेट ब्रँड्स या कंपनीनं घेतली, त्याच वर्षी जर्मन आवृत्तीची मंडळी बाहेर पडली. २०१२ मध्ये इंग्रजीवाले निघाले तेव्हा कंपनीनं दोन स्वयंसेवकांवर दावा ठोकला. तरी जानेवारी २०१३ मध्ये त्यांची नवी साइट विकिव्हॉयेज, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छताखाली उभी राहिली. लेख सोबत आले, नाव मागे राहिलं. तुमच्या अटींत असा परवाना आहे का ते आधी बघा. नसेल तर एकेकाची परवानगी घ्यायला लागा.

रात्रपाळी:
बंदबद्दल. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवर एपीआयच्या (बाहेरच्या ॲप्सना तिथला मजकूर पुरवणारी सोय) दरांवरून हजारो समूहांनी १२ तारखेपासून ४८ तास कुलूप लावलं. समोरच्याला ४९ वा तास कधी येतो हे आधीच सांगितल्यावर तो कशाला हलेल? ज्यांनी पुढंही बंद ठेवलं त्यांना 'उघडा, नाहीतर दुसरे मॉडरेटर नेमू' असं ऐकावं लागलं. रेडिट वाचायचं अपोलो हे बाहेरचं ॲप त्या दरांमुळे ३० जूनला बंद पडलं ते पडलंच.

त्याच महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचे मॉडरेटरही संपावर गेले होते, पण मुदत न सांगता. मागण्या लेखी होत्या, त्यात मजकुराची संपूर्ण प्रत नियमित मिळत राहावी हीसुद्धा होती. ऑगस्टमध्ये वाटाघाटी करून मिटलं. म्हणून दोन दिवसांचं नाटक नको. काय हवं ते आधी कागदावर उतरवा.

पलीकडच्या_खुर्चीत:
मी अशाच एका कंपनीत कम्युनिटी मॅनेजर होतो, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. सर्व्हरचं बिल, कायदेशीर नोटिसा, रात्री दोनला पडलेला डेटाबेस, हे तुम्हाला कधी दिसत नाही. नवे मालक तुम्हाला शत्रू समजत नाहीत हो, त्यांना तुम्ही आहात हेच ठाऊक नसतं. तक्त्यात 'कॅमेरे, पेजव्ह्यू' अशी एक ओळ असते, बास.

'टीम'शी बोलू नका, नावानिशी एक माणूस मागा. त्याच्याकडे एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्या मजकुराची प्रत मागा, फोटोंसकट. नुसता मजकूर दिला तर तुमचा शटरचा धागा म्हणजे ६३ तुटक्या लिंका. सदस्यांचे ईमेल पत्ते मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नयेत. आणि हे भांडण सुरू करण्याआधी प्रत काढा. याहू ग्रुप्स या चर्चासमूहांच्या सेवेनं समूहांचा मजकूर पुसणार असं ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं आणि पहिली तारीख दिली १४ डिसेंबर. मग आरडाओरडा झाला म्हणून जानेवारीअखेर. तेवढ्यात काय काय गोळा करणार माणूस?

शटर_अडकलं:
अटी बघितल्या. परवाना-बिरवाना काही नाही, आणि पत्ताही कंपनीच्याच डोमेनवरचा. म्हणजे नाव गेल्यात जमा.

बंद रद्द केला. तिघांपैकी एक अजून फुगून बसलाय. त्या सदस्याच्या मुलीला ईमेल केला होता, तिनं परवानगी दिली. वर मूळ फोटोही पाठवले, तेही ७१! आठ त्यांनी टाकलेच नव्हते, हात हलला होता म्हणून. बाकी धाग्यांसाठी सगळ्यांना संमतीची विनंती लावलीय, काल रात्रीपर्यंत ११४ जण हो म्हणालेत.

आता, सर्व्हरवर ताण न आणता चाळीसेक हजार पानं हळूहळू उतरवेल अशी स्क्रिप्ट कुणाकडे आहे का?