प्रतिसाद: आधी एसक्यूलाइटचं मॉड्यूल इलेक्ट्रॉनसाठी रीबिल्ड करा

इलेक्ट्रॉनवरचं (वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट) चॅट ॲप सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड होतं, पण उघडताच ‘नोड मॉड्यूल व्हर्शन’ (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) जुळत नाही म्हणून बंद पडतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या यात दोन रात्री गेल्यात. बहुतेक वेळा घोळ असतो तो जुनी संभाषणं साठवणाऱ्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे ॲपला जोडलेल्या कोडच्या तुकड्यामध्ये. ते सी++ मधलं. एनपीएम (नोडची पॅकेजेस बसवणारं साधन) इन्स्टॉल करताना ते तुमच्या मशीनवरच्या नोडसाठी तयार होतं आणि इलेक्ट्रॉनच्या पोटातला नोड वेगळा असतो. ते इलेक्ट्रॉनच्या नोडसाठी पुन्हा तयार करणारं इलेक्ट्रॉन-रीबिल्ड चालवा, मगच पॅकेज करा.

डीएमजी, म्हणजे मॅकसाठीची इन्स्टॉल फाइल, मॅकवरच बनवा. दुसऱ्यांना द्यायचं असेल तर साइनिंग (ॲपवर तुमची डिजिटल सही) आणि नोटरायझेशन (ॲपलकडून ॲपची तपासणी) दोन्ही लागतं.

उबुंटू २२.०४ पासून पुढे ॲपइमेजवर (लिनक्सवर इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) डबल क्लिक केलं तर बरेचदा काहीच होत नाही, एररसुद्धा दिसत नाही, कारण ती फाइल उघडायला लागणारी लिबफ्यूज२ ही लायब्ररी तिथे आधीपासून बसवलेली नसते. हे रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) अगदी वरच लिहा. नवखा माणूस तिथूनच परत फिरतो, फार वाईट वाटतं.

आणि कळकळीने सांगतो, स्वतःची एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरायचा खासगी कोड) पॅकेजमध्ये जाऊ देऊ नका. इलेक्ट्रॉन ॲपचा कोड ज्यात बांधला जातो ती एएसएआर फाइल एका कमांडने उलगडते, आत सगळं वाचता येतं. की वापरणाऱ्याकडूनच मागा.