‘बांगडी वाढली’ म्हणजे नेमकं काय झालं?

विचारणा:
तुळशीबागेत बांगड्या भरताना एक पिचकली. कासार लगेच म्हणाले, ‘असू द्या, वाढली.’ बरोबर भाची होती. तिने विचारलं, फुटलेली बांगडी वाढेल कशी? खरंच, आपण नारळ वाढवतो, रात्री दुकान वाढवतो, आणि जेवायला पानही वाढतो. मूलही वाढतं. इतके वेगळे अर्थ असताना ऐकणाऱ्याला हवा तोच कसा कळतो?

प्रतिसाद:
अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून. काकणाला ‘फुटलं’ आणि मंगळसूत्राला ‘तुटलं’ म्हणत नाहीत. उलट अर्थाचा शब्द वापरायचा, ही विपरीत लक्षणा.

दुसरा प्रतिसाद:
उलट अर्थ कशाला मानायचा? पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, चुरादी नावाच्या गणात (गटात) ‘वर्ध छेदनपूरणयोः’ असा धातू आहे. वर्ध म्हणजे कापणंसुद्धा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ‘प्राङ् नाभिवर्धनात्’ असं आहे, तिथे नाभिवर्धन म्हणजे नाळ कापणं. सुताराला संस्कृतात वर्धकि म्हणतात. तेव्हा नारळ वाढवणं हे सरळ छेदन आहे.

तिसरा प्रतिसाद:
धातुपाठाचा दाखला मोलाचा आहे आणि नारळापुरता तो मला पटतो. पण दिवा वाढवतात तेव्हा कापलं काय जातं? दुकानाचं काय? हिंदीतही ‘दिया बढ़ाना’, ‘दुकान बढ़ाना’ आहेच, आणि तिथेही विझणं, बंद होणं हे शब्द टाळण्याचीच वृत्ती दिसते. माझ्या मते जुना छेदनाचा अर्थ आणि अमंगळ टाळण्याची सवय हे दोन प्रवाह इथे एकमेकांत मिसळले असावेत.

मात्र भाचीचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. चुरादी गण ठाऊक नसलेल्या माणसालाही कासाराचं वाक्य पुरतं कळतं. शब्दाचं कूळ ही एक गोष्ट, बोलताना पोचणारा अर्थ ही दुसरी.

आधी व्याकरणच किती काम करतं पाहा. ‘आईने भाजी वाढली’ म्हणजे पानात घातली. ‘आईने भाजी वाढवली’ म्हणजे पाहुणे आले म्हणून जास्तीची केली. फरक एका ‘व’चा. ‘वजन वाढलं’ यात कर्ता वेगळा नाहीच, आपोआप झालं. ‘बांगडी वाढली’ हे त्याच घडणीचं वाक्य आहे, आणि मला त्यात फार समंजसपणा दिसतो. कासाराने फोडली असंही नाही, तुमचा हात आडवा आला असंही नाही. दोष कुणाकडेच जात नाही.

व्याकरण जिथे थांबतं तिथे प्रसंग बोलतो. भर्तृहरी या प्राचीन संस्कृत व्याकरणकाराने वाक्यपदीय या ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ कशाने ठरतो ते सांगितलं आहे : संयोग (एखादी गोष्ट जवळ असणं), विप्रयोग (ती जवळ नसणं), साहचर्य, विरोध, प्रकरण, शेजारचा दुसरा शब्द, औचित्य, देश, काळ, अगदी स्वरसुद्धा. ‘हरी’ म्हणजे विष्णू, इंद्र, सिंह, माकड. शंखचक्रासह हरी म्हटलं की विष्णू, हे सोपं आहे. पण ‘शंखचक्राविना हरी’ म्हटलं तरी विष्णूच. ज्याच्याजवळ एरवी ती वस्तू असते, त्याच्याच बाबतीत ती नसल्याचं कुणी सांगतं. न सांगितलेल्या गोष्टीवर अर्थ उभा राहतो तो असा, आणि हे इतक्या जुन्या काळी कुणी नेमकं मांडून ठेवलं आहे याचा मला आजही हर्ष होतो.

आता लक्ष्मी रस्त्यावर रात्री नऊला कुणी म्हणालं, ‘दुकान वाढवतोय, उद्या या’, तर काळ आणि ‘उद्या या’ हे शेजारचे शब्द निकाल देतात. तोच गृहस्थ दुपारी म्हणाला, ‘शेजारचा गाळा घेतला, दुकान वाढवतोय’, तर पेढे मागायचे.

वर आलेल्या लक्षणेबद्दल, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्याबद्दल, एक भर. अलंकारशास्त्र तिला तीन अटी घालतं : मूळ अर्थ जुळत नसला पाहिजे, नव्या अर्थाचा त्याच्याशी काही संबंध हवा, आणि रूढी किंवा खास प्रयोजन हवं. बांगडी वाढू शकत नाही, इथे मूळ अर्थ अडतो. अडतो म्हणूनच मन पुढे जातं. फुटलेला तुकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे काही लपवलं जात नाही. घटना डोळ्यांना दिसते आणि शब्द तुमचं भलं चिंततो.

विचारणा करणारीच पुन्हा:
‘दोष कुणाकडेच जात नाही’ हे भाचीला लगेच पटलं. तिची पुढची शंका : मग बल्ब ‘वाढवा’ का म्हणत नाही?

तिसरा प्रतिसाद:
बटणाच्या दिव्याला आपण ‘बंद कर’ म्हणतो, कारण तो विझण्यात कुणाला अशुभ वाटत नाही. देवापुढच्या समईला मात्र ‘विझली’ म्हणताना जीभ अडखळते. काही घरांत ‘शांत झाली’ म्हणतात. तुमच्या आजीला विचारून बघा, त्यांच्याकडे कोणता शब्द होता ते इथे जरूर लिहा.